अहवालात नसलेला समुद्र

शनिवार होता. पोर्ट एल्वरच्या टेकडीखालच्या आपल्या घराच्या मागच्या पायरीवर बसून डल्सी वायगाना नारळ खवत होती. नात टिलियाचा वाढदिवस होता, आणि वाढदिवसाला नारळाच्या दुधातली रताळी झालीच पाहिजेत असा त्या घरचा दंडक होता. आंब्याखाली मुलगा एल्डन शेगडीवर सॉसेज भाजत होता. गावच्या नैसर्गिक वायूच्या प्रकल्पावरची पाळी संपवून तो तसाच आला होता; अंगातला नारिंगी शर्टही त्याने बदलला नव्हता.

"आई, नारळ खवताय की त्याची चौकशी करताय?" सून लोरेटा खिडकीतून म्हणाली.

"माझा नारळ राहू दे. तुझ्या नवऱ्याने सॉसेजचा कोळसा केलाय, तिकडे बघ."

तेवढ्यात टिलिया फोन घेऊन धावत आली. आजीला ती आका म्हणे. "आका, जोसायाआजोबा आहेत. पण ते काही बोलतच नाहीयेत."

जोसाया हा डल्सीचा थोरला भाऊ. वाबुर बेटावर, त्यांच्या जन्मगावी राहणारा. हाडाचा बोलका माणूस. तो बोलत नाही म्हटल्यावर डल्सीने खवणी बाजूला ठेवली.

"बोल, दादा."

"काल उधाण आलं," तो म्हणाला. "कब्रस्तानाची पुढची रांग गेली."

"आई?"

"दगड कलंडलाय. पेटीची कड उघडी पडलीय. आम्ही ताडपत्री टाकून ठेवलीय. तू ये."

डल्सीने फोन ठेवला. तिने उरलेला नारळ खवला, दूध पिळले, रताळी शिजवली. टिलियाने मेणबत्त्या विझवल्या तेव्हा सगळ्यांबरोबर गाणेही म्हटले. लेकरू केक खायला बसले आणि मगच तिने एल्डनला बाजूला घेऊन सांगितले.

मायलेक बेटावर गेले. आधी छोटे विमान, मग होडी. वाबुरच्या लोकांत माणूस पुरला म्हणून दुखवटा संपत नाही. घरचे लोक वर्ष-दोन वर्षे पै पै साठवतात, कोरीव दगड आणतात, रंगीत कापडांनी झाकतात, आणि सगळे गणगोत जमवून तो उघडतात. मग जेवणे, मग नाच. तेव्हा कुठे मेलेला माणूस विसावला असे मानतात. डल्सीच्या आईचा दगड असाच उघडला होता. आता तो वाळूत तोंडावर पडला होता आणि ओहोटीचे पाणी त्याच्या अक्षरांमध्ये साचले होते.

पुरुषांनी खणले. डल्सीने अंगणातल्या तारेवर वाळवलेली पांढरी चादर पसरली. ती आयुष्यभर परिचारिका होती. हजारो बाळे तिने पहिल्यांदा पुसून आयांच्या हातात दिली होती. त्याच हातांनी तिने आईची हाडे पुसली. एल्डन शेजारी गुडघे टेकून बसला होता. एवढा धिप्पाड माणूस, पण आजीच्या मनगटाचे हाड हातात घेतल्यावर त्याला ते कुठे ठेवावे हे कळेना.

"दे इकडे," डल्सी हळूच म्हणाली. "तिची सगळ्यात छोटी हाडं आहेत ती."

चर्चमागच्या उंचवट्यावर त्यांनी आईला पुन्हा पुरले. एल्सिना नावाची म्हातारी विधवा सगळा वेळ दुसऱ्या रांगेत एका थडग्याला टेकून उभी होती. तिचा नवरा तिथे पुरलेला होता. ती डल्सीची लहानपणची मैत्रीण.

"तुझी आई वर गेली," ती म्हणाली. "पुढच्या उधाणाला माझा म्हातारा."



पोर्ट एल्वरला एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण शाळेतल्या पोराला ठाऊक होती. गावाचा पोहण्याचा तलाव प्रकल्पाने बांधला होता. फुटबॉल संघाच्या शर्टावर प्रकल्पाचे नाव होते. दवाखान्यातल्या नव्या यंत्रावर प्रकल्पाची पाटी होती. देणाऱ्याला प्रश्न विचारू नये, ही ती रीत. आपल्याकडे नाही का, सुनेला जाळणाऱ्या घरचेही आमंत्रण लोक स्वीकारतात, कारण पंगत मोठी असते! पोर्ट एल्वरची पंगत मोठी होती. आणि त्या पंगतीत डल्सीचा मुलगाही जेवत होता.

त्याच महिन्यात गावच्या सभागृहात समारंभ झाला. प्रकल्पाचा विस्तार होणार होता आणि त्यासाठी सरकारच्या एका कर्जमंडळाने भले मोठे कर्ज मंजूर केले होते. मंडळाचा तरुण अधिकारी आला होता. गोड बोलला. शेवटी त्याने रिवाज म्हणून विचारले, "कोणाला काही शंका?"

डल्सी उभी राहिली. पुढच्या ओळीत एल्डनची मान खाली गेली.

"हा पैसा कोणाचा?" तिने विचारले.

"जनतेचा, आँटी. म्हणजे तुमचाच," तो हसून म्हणाला.

"मग माझ्या पैशातून जो वायू निघेल, तो जळल्यावर समुद्राचं काय होणार, ते तुम्ही कुठे मोजता?"

सभागृहात खुर्च्या करकरल्या. अधिकाऱ्याचे हसू तसेच होते. "त्याची सगळी माहिती आमच्या वार्षिक अहवालात असते. कायद्याने द्यावीच लागते. सगळ्यांना खुली आहे. जरूर वाचा."

तिने वाचला. टिलियाच्या संगणकावर, चष्मा नाकावर ठेवून, एक अहवाल नाही, लागोपाठच्या काही वर्षांचे. मंडळाने कोणत्या बंदराला, कोणत्या कोळशाच्या खाणीला, कोणत्या वायुनळीला पैसे दिले याची छायाचित्रे होती. आणि शेवटी 'पर्यावरण' असे शीर्षक. त्याखाली लिहिले होते की मंडळाने कचेरीतले दिवे बदलून कमी विजेचे बसवले आहेत. कागद दोन्ही बाजूंनी वापरला जातो. स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्याचे खत होते. कर्मचारी विमानाने कमी फिरतात.

बस. वायूबद्दल अवाक्षर नाही. कोळशाबद्दल नाही. समुद्राबद्दल तर नाहीच.

डल्सी आधी हसली. टिलियाने विचारले, "आका, काय झालं?"

"काही नाही ग. माझ्या आईची कबर वाहून गेली आणि हे लोक सांगतायत, आम्ही भाजीची देठं खतात टाकली."

मग तिने चष्मा काढला आणि बराच वेळ तिला तो पुन्हा घालता आला नाही.

सिडनीत बेटांवरच्या लोकांसाठी काम करणारी एक छोटीशी संस्था होती. डल्सी तिच्या समितीवर होती. संस्थेची वकील इमोजेन पास्को ही तिशीतली, बारीक केस कापलेली, मोजके बोलणारी मुलगी. तिने फोनवर सगळे ऐकून घेतले.

"आँटी, कायदा साधा आहे. प्रत्येक सरकारी संस्थेने आपल्या कामामुळे निसर्गावर काय परिणाम होतो ते दरवर्षी जनतेला सांगायचं. मंडळ म्हणतं, आमचं काम म्हणजे कचेरी चालवणं. आपण म्हणायचं, तुमचं काम कर्ज देणं. त्याचं बोला."

"म्हणजे प्रकल्प बंद पाडायचा?"

"नाही. कोर्ट प्रकल्पाला हातही लावणार नाही. फक्त खरं लिहा, एवढंच मागायचं. पण दाव्यावर तुमचं नाव येईल. हरलो तर त्यांच्या वकिलांचा खर्च संस्थेवर पडेल, संस्था बुडेल. आणि तुम्ही ज्या गावात राहता…"

"ते गाव मला माहीत आहे, पोरी. तिथली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मलीत. नाव घाल."

दावा दाखल झाल्याची बातमी आली त्या संध्याकाळी एल्डन आला. आत येऊन बसला नाही.

"आई, आज मला साहेबाने बोलावलं. काही बोलला नाही. फक्त म्हणाला, 'तुझ्या आईची तब्येत बरी आहे ना?' कळलं का तुला?"

"कळलं."

"घराचे हप्ते आहेत. टिलियाची शाळा आहे. आपल्या माणसांना या गावात अशी नोकरी मिळायला किती वर्षं गेली, तूच सांगायचीस. आणि आता तूच माझ्या ताटात माती कालवतेस."

"तुझ्या ताटात मी काय कालवलं? मी त्यांना लिहायला सांगतेय."

"लिहून काय होणार? आजी परत त्या जागी जाणार आहे?"

एल्डन निघून गेला आणि त्यानंतर रविवारच्या जेवणाला त्या घरातून कोणी आले नाही. टिलिया तेवढी शाळेतून परस्पर येई. "बाबांना सांगू नको" असे डल्सीने तिला कधी म्हटले नाही. पोर आपणहून आईला सांगून येत होती, आणि लोरेटा तिला येऊ देत होती.

गावानेही आपली रीत पाळली. कोणी शिवी दिली नाही. खाटकाच्या दुकानात तिच्यामागून आलेल्याला आधी मांस मिळू लागले. दवाखान्याच्या माजी परिचारिकांच्या चहाचे आमंत्रण टपालात हरवू लागले. एका बाईने तिला पेट्रोल पंपावर अडवून गोड आवाजात विचारले, "डल्सी, तुझी गाडी पाण्यावर चालते का ग?"

"नाही, पेट्रोलवरच चालते," डल्सी म्हणाली. "तू बाळंतपणात अडली होतीस तेव्हा याच गाडीने आले होते."

सुनावणीच्या आधी काही आठवडे मंडळाकडून तडजोडीचा प्रस्ताव आला. इमोजेन तो घेऊन स्वतः आली. चहाचा कप तसाच ठेवून तिने वाचून दाखवला. मंडळ चूक मान्य करणार नव्हते. पुढच्या वर्षापासून 'योग्य वाटेल त्या प्रकारे' थोडे अधिक लिहिणार होते. डल्सीने दावा मागे घ्यायचा आणि याबद्दल जाहीरपणे काही बोलायचे नाही. शेवटचे कलम वाचताना इमोजेनचा आवाज उतरला: वाबुर बेटाने कब्रस्तानाभोवती समुद्रभिंत बांधण्यासाठी अर्ज केला, तर मंडळाचा लोककल्याण निधी त्याचा सहानुभूतीने विचार करील.

"भिंत," डल्सी म्हणाली.

"विचार करील, असं आहे. देईल, असं नाही."

"तरी भिंत."

हा निर्णय एकटीने घेण्याचा नव्हता. ती बेटावर गेली. चर्चच्या ओसरीवर माणसे जमली. जोसायाने कलमे आपल्या भाषेत समजावून सांगितली. मग जो तो बोलू लागला. कोणी म्हणाले घ्या, कोणी म्हणाले थुंका त्यांच्या भिंतीवर. एल्सिना शेवटपर्यंत गप्प होती. मग उठली.

"मला ते कोर्ट-बिर्ट कळत नाही," ती म्हणाली. "मला माझा म्हातारा कळतो. तो अजून तिथे आहे. डल्सी, तुझी आई तू वर नेलीस. आता तुला कागदाची हौस आलीय. माझ्यासाठी भिंत घे."

डल्सीला ते वर्मी लागले. ती म्हणाली, "एल्सिना, भिंत आपल्याला मिळायलाच हवी. सरकारने ती कधीच बांधायला हवी होती. पण हे भिंत देत नाहीयेत ग. हे आपलं तोंड विकत घेतायत, आणि किंमत म्हणून 'विचार करू' म्हणतायत. उद्या दुसऱ्या बेटाची रांग जाईल. त्यांनी विचारलं, का गेली, तर कागदावर काय असेल? दिवे बदलले."

"मग दुसऱ्या बेटाने बघावं."

"आपल्या वेळी सगळे असंच म्हणाले होते."

एल्सिना काठी टेकत निघून गेली. डल्सीने मागून दोनदा हाक मारली, पण ती वळली नाही. जोसाया बहिणीजवळ आला. "मतं घेतली तर तुझ्या बाजूने जास्त आहेत."

"माहीत आहे," डल्सी म्हणाली. "पण ती एकटी बरोबर असली तर?"

"मग तिची शिवी तुला जन्मभर खावी लागेल. खाशील?"

"खाईन."

तिने परत येऊन इमोजेनला तीनच शब्द सांगितले, "नाही म्हणून कळव." नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी पुन्हा पुन्हा.

कोर्टात मंडळाचे वकील मोठे सभ्य गृहस्थ होते. त्यांचे म्हणणे असे, की मंडळ फक्त पैसे उसने देते. वायू दुसरेच काढतात, जाळतात तिसरेच. तिसऱ्याच्या चुलीतल्या धुराचा हिशेब मंडळाने का द्यावा? मग ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या डल्सीकडे वळले.

"मिसेस वायगाना, आपले चिरंजीव याच प्रकल्पात नोकरी करतात, खरं ना?"

"खरं."

"आपल्या नातीची शाळा त्याच पगारातून चालते?"

"चालते."

"आणि आपल्या स्वयंपाकघरात चूल कशावर पेटते?"

"गॅसवर. दोन बर्नरची आहे."

कोर्टात हलकासा हशा पिकला. वकील थोडे वाकले. "म्हणजे ज्याचा लाभ आपण घेता, त्याविरुद्धच आपण दावा लावलाय."

डल्सीने पिंजऱ्याच्या कडेवर हात ठेवले. "साहेब, मी माझ्या चुलीचं तुम्हाला लगेच सांगितलं. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. लपवलं नाही. माझ्या मुलाच्या पगाराचंही सांगितलं. मी एक म्हातारी बाई, एका प्रश्नात सगळं सांगून मोकळी झाले. तुमचं मंडळ एवढं मोठं, कायदा दरवर्षी त्याला हेच विचारतो, आणि ते सांगतं की आमच्याकडे भाजीच्या देठांचं खत होतं. मी गॅस विझवा म्हणायला आले नाही. मी विचारलेल्याचं उत्तर मागायला आलेय."

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून वकिलांकडे पाहिले. "या प्रश्नाचं उत्तर मलाही ऐकायला आवडेल," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी मंडळाच्या एकूण कामात दिवे बदलण्याचा वाटा किती होता?"

वकिलांनी कागद चाळले. बराच वेळ चाळले.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी एल्डनचा फोन आला. किती महिन्यांनी.

"कँटीनमध्ये सगळ्यांनी पाहिलं," तो म्हणाला. "कोर्टाचं चित्रण लावलं होतं कोणीतरी."

"मग? तुला त्रास झाला असेल."

"नाही. तो बॉयलरवरचा केव्हिन आहे ना, त्याने विचारलं, 'एल्डन, खरंच त्यांनी फक्त दिवे लिहिलेत?' मी म्हटलं, हो, मी वाचलंय."

"तू वाचलंस?"

"टिलियाने दाखवलं. आई, मी अजून तुझ्यावर रागावलेलो आहे."

"राहा. जेवायला ये आणि रागाव."

निकाल पावसाळा संपता संपता लागला. न्यायालयाने म्हटले, की कर्ज देणे हेच ज्याचे काम, त्याने कर्जाच्या परिणामांबद्दल मौन पाळून कायदा मोडला आहे. ते अहवाल अपुरे होते, आणि यापुढे मंडळाने खाणी, बंदरे आणि वायू यांना दिलेल्या पैशाचा निसर्गावर काय परिणाम होतो, ते स्पष्ट लिहावे. प्रकल्प बंद झाला नाही. विस्ताराचे काम दुसऱ्याच दिवशी, ठरल्या वेळी सुरू झाले. प्रकल्पाच्या साहेबाने वर्तमानपत्राला सांगितले की या निकालाने काहीच बदलत नाही. एल्डनची पाळी गैरसोयीची झाली. बढती दुसऱ्याला मिळाली. खाटकाने मात्र एके दिवशी, काही न बोलता, डल्सीला तिच्या नंबराला मांस दिले.

नवा अहवाल आला तेव्हा डल्सी तो घेऊन वाबुरला गेली. या वेळी लोरेटा, टिलिया आणि एल्डन बरोबर होते. मधल्या काळात एक उधाण येऊन गेले होते आणि दुसऱ्या रांगेचे टोक खचले होते. एल्सिनाच्या नवऱ्याची कबर अजून जागेवर होती, वाळूच्या पोत्यांमागे. पोती एल्सिनाने स्वतः भरली होती.

चर्चमध्ये प्रार्थनेनंतर डल्सी उभी राहिली आणि तिने ते पान वाचले. मंडळाने पैसे दिलेल्या प्रकल्पांतून पृथ्वी तापवणारा किती वायू हवेत जाईल, त्याचा आकडा आला. जोसाया भाषांतर करत होता. तिथे तो अडला. एवढ्या मोठ्या संख्येला त्यांच्या भाषेत शब्दच नव्हता. मग पुढचे वाक्य: या वायूंमुळे समुद्राची पातळी वाढते आणि सखल बेटांवरच्या वस्त्यांना आणि वारसास्थळांना धोका संभवतो, हे मंडळ मान्य करते.

"पुन्हा वाच," मागून कोणीतरी म्हणाले. तिने पुन्हा वाचले. सरकारने आपल्या हाताने, आपल्या शाईने लिहिलेले ते पहिले वाक्य होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही बायका रडत होत्या. ज्यांचे नुकसान होते त्यांना ते ठाऊकच असते. नुकसान करणाऱ्यालाही ठाऊक होते, हे कळायला मात्र त्यांना कोर्टात जावे लागते. ज्या समाजात असे होते, तिथल्या सभ्य माणसांना झोप कशी लागते, हा प्रश्न वाबुरच्या चर्चमध्ये कोणी विचारला नाही. तो आपण आपल्याला विचारावा.

एल्सिना काठी टेकत पुढे आली. त्या ओसरीवरच्या दिवसानंतर ती डल्सीशी एक शब्द बोलली नव्हती.

"त्यांनी लिहिलं ना? आमच्यामुळे होतंय, असं?"

"हो. लिहिलं."

"सही आहे?"

"आहे."

"मी अजून तुला माफ केलेलं नाही," एल्सिना म्हणाली. "भिंत आली असती तर माझी पाठ मोडली नसती पोती उचलून."

"खरं आहे."

"मग आता भिंत मागायची. विचार करा म्हणून नाही. तुम्ही केलंत, तुम्ही बांधा, असं. तुझ्या त्या केस कापलेल्या पोरीला सांग." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि बाकावर बसली, डल्सीच्या शेजारी, पण अंतर ठेवून. "आणि या वेळी दाव्यावर पहिलं नाव माझं घालायचं."